चार बोल्ट आणि दोन वायरी

...आणि वर मलाच विचारतात, "पंख्याला एवढा वेळ?" अहो, पंखा म्हणजे छताचा नाही हो! छताला पंखा कोणीही बसवतो, स्टूल घेतलं, चढलं, झालं. मी बसवला गाडीला! आणि गाडी तरी कुठली, तर आमच्या सासऱ्यांची. बुटकी, लांब नाकाची, उघड्या टपाची, दोनच सीटांची, माझ्या लग्नाच्याही आधीची... आणि स्पोर्ट्स कार म्हणे! कसला स्पोर्ट? तुम्हाला सांगतो, चढावर आमच्या शेजारून पोस्टमन सायकलवरून पुढे जातो आणि जाताजाता विचारतो, "हात लावू का थोडा?"

तर या गाडीची खोड एकच. उभी राहिली की उकळते. पळतेय तोवर शहाणी, पण सिग्नल लागला, रेल्वेचं फाटक पडलं, की चढला काटा! कारण काय, तर तिचा मूळचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन जोरात, तर पंखा जोरात. आणि गाडी उभी राहिली, म्हणजे जेव्हा वाऱ्याची खरी गरज, तेव्हा हा पठ्ठ्या पेंगतो! मग नाकातून वाफ, खालून पाणी, आणि मागून हॉर्न. एकदा माझी बायको नवेकोरे कपडे घालून शेजारी बसली होती, भर चौकात तिला उतरून ढकलायला लागलं. तिनं तिथंच सांगून टाकलं, "ही उकळायची बंद होईल त्या दिवशी मी हिच्यात बसेन. तोवर नाव काढायचं नाही." आणि ही बाई बापाशेजारी बसून याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकलेली बरं का! माझ्यापेक्षा छान चालवते. पण नाही म्हणजे नाही.

मग गाडी आली माझ्याकडे. म्हणजे मालकी सासऱ्यांचीच, फक्त त्यांचा गुडघा गेला, क्लच दाबवेना, म्हणून दर रविवारी स्टिअरिंग माझ्या हातात आणि ते शेजारी. तळ्यापर्यंत जायचं, पाणी बघायचं, परत यायचं. आता तुम्ही म्हणाल, एवढा त्रास, तर द्यायची ना विकून! अहो, कसं सांगू... सासरे म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. लग्नाला इतकी वर्षं झाली, एका घरात राहतो आम्ही, पण घरात मी कोण? जावईबापू! "जावईबापू, पेपर झाला का?" "जावईबापू, दिवा मालवा." बस. मुलाखतीला आल्यासारखं वाटतं स्वतःच्याच दिवाणखान्यात. पण गाडीत बसले, दार लावलं, की... "अरे, गियर बदल की!" अरे! मला! मग पहिल्या शाळेत पोरांसमोर उभं राहताना पाय कसे लटपटले ते सांगतात, सासूबाई गेल्यावर महिनाभर चहा कसा गोड लागला नाही ते सांगतात, मधेच "अरे गाढवा, खड्डा!" म्हणतात. माझे वडील मी लहान असतानाच गेले हो. मला 'अरे गाढवा' म्हणणारं माणूसच उरलं नव्हतं. म्हणून मला ती गाडी हवी होती. लपवायचंय कशाला?

आणि नेमकी ती चौकात पुन्हा उकळली. आणि मागच्या गाडीत कोण, तर आमच्या शेजारचे दातांचे डॉक्टर. यांचा डोळा गाडीवर कधीपासूनचा. गोड बोलतात, दात काढायच्या आधी बोलतात ना, तसं. "सर, त्रास होतोय का? होत असेल तर मी आहे हं." सासरे घरी आले, काठी कोपऱ्यात ठेवली आणि निकाल लावला. "येत्या रविवारी तळ्यावर जाऊन परत यायचं. उकळली नाही, तर राहील. उकळली, तर सोमवारी किल्ली डॉक्टरांकडे."

मी म्हटलं, "बाबा, विजेवरचा पंखा मिळतो आता, गाडी उभी असली तरी फिरतो..."

"जावईबापू, माझ्या गाडीत मूळचा सोडून एक खिळा लागणार नाही."

संपलं! मग काय करणार? जे सगळेच जावई करतात तेच. चोरून करायचं ठरवलं आणि मेहुण्याला बोलावलं.

मेहुणा म्हणजे सासऱ्यांचाच मुलगा, फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, आणि बापाला माझ्याहून जास्त घाबरतो. पण तोंडानं काय? "हात्तिच्या! भावजी, चार बोल्ट आणि दोन वायरी! चहा निवायच्या आत होतंय." तुम्हाला सांगतो, ज्या कामाला कोणी "चहा निवायच्या आत" म्हणेल ना, त्या कामाला जेवणाचा डबा घेऊन जा.

शनिवारी दुपारी सासरे झोपले. त्यांची खोली बरोबर गॅरेजच्या वर. आम्ही मूळचा पंखा सोडवला... सोडवला काय, उपटला! त्यात माझी बोटं सोलली, ती बायकोनं फुंकर घालून बांधली आणि मूळचा पंखा आपल्या कपाटात चादरींच्या मागे लपवला. आता नवा पंखा रेडिएटरच्या मागे बसवायचा, त्याला पट्ट्या लावायच्या, पट्ट्यांना भोकं पाडायची. आणि ड्रिल म्हणजे केवढा आवाज! मग युक्ती काढली. आम्ही ड्रिल लावला की बायकोनं स्वयंपाकघरात मिक्सर लावायचा. वाटायचं काय? घरात होती साखर. तिनं साखर घातली. घुर्रर्र... बंद. घुर्रर्र... बंद. वरून आवाज आला, "काय वाटतेयस गं एवढं?"

"साखर, बाबा!"

"पाहुणे येणारेत का?"

"नाही, बाबा!"

ते बिचारे पुन्हा झोपले. पण एकेक भोक चुकलं, दुसरं पाडलं, बोल्ट खाली पडला, इंजिनाच्या पोटात गेला, चुंबक लावून काढला... चार बोल्ट म्हणे! तोवर घरातली डब्यातली, बरणीतली, पाहुण्यांसाठी ठेवलेली, सगळी साखर पिठासारखी झाली.

आता राहिल्या दोन वायरी. या गाडीची बॅटरी असते सीटच्या मागे झाकणाखाली, आणि त्या झाकणावर सासऱ्यांची घडीची खुर्ची, शाल, काठी ठेवायचं फडकं, सगळं त्यांच्या हातानं लावलेलं. इंचभर हललं तरी कळतं त्यांना! मेहुणा म्हणाला, "बॅटरीला हातच नको लावायला. पुढे फ्यूजपाशी करंट आहे, लाल वायर बटणातून तिथं, काळी वायर गाडीच्या पत्र्याला. काळी पत्र्याला, हे काय सांगायला पाहिजे?" नाहीच ना! कुठल्याही गाडीत काळी पत्र्यालाच असते. बटण लपवलं डॅशबोर्डच्या खाली. दाबलं... आणि काय सांगू, पंखा असा फिरला! मी, मेहुणा, गाडीच्या नाकासमोर उभे, आणि तोंडावर हा वारा! बायको वाटीभर पिठीसाखर घेऊन दाखवायला आली, "बघा, एवढी अजून सहा भांडी आहे," म्हणेपर्यंत ती साखर उडाली आणि आमच्या तिघांच्या तोंडावर, केसात, मिशीत! आम्ही हसतोय, ओठ चाटतोय, "काय वारा आहे, काय वारा आहे!" म्हणतोय...

हसलात? ज्यांना कळलं ते हसले. आम्हाला नाही हो कळलं! मी चष्म्याच्या दुकानात बसून अख्ख्या गावाची नजर तपासतो आणि माझ्या नाकासमोरचं मला दिसलं नाही.

रविवार उजाडला. निघालो. सासरे शेजारी, मागे डॉक्टर, आपल्या गाडीतून. म्हणे सहज फेरफटका मारतोय. मी गुपचूप बटण आधीच दाबून ठेवलेलं, म्हटलं थंड राहू दे पोरीला. आणि काटा बघतो तर... वर! उघडा रस्ता, गाडी पळतेय, आणि काटा वर! अहो, उभी राहून उकळणारी गाडी आयुष्यात पहिल्यांदा पळतापळता उकळायला लागली! वेग वाढवला, काटा आणखी वर. आणि पुढे फाटक पडलेलं. थांबलो... फुस्स्स! वाफच वाफ. मला सासरे दिसेनात, सासऱ्यांना मी दिसेना, तेवढीच कृपा.

मागून दार उघडल्याचा आवाज. डॉक्टर! "अरेरे, सर... त्रास होतोय ना?"

सासरे उतरले. इंजिन बंद, बॉनेट वर, आणि आतून, सगळं शांत असताना, घुंऽऽऽ... माझा पंखा. बटण चालूच! सासऱ्यांनी आत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या वर्गाला उभं करतात ना, तसं. मग खिशातून रुमाल काढला आणि गाडीच्या नाकापुढे धरला. तो चिकटायला हवा होता जाळीला. तो उडाला, आणि डॉक्टरांच्या बुटावर जाऊन पडला.

"पंखा वारा आत ओढतो की बाहेर फेकतो?"

"बाहेर, बाबा." काल आम्ही तिघं साखर चाटत उभे होतो, ते सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"काळी वायर कुठे लावली?"

"पत्र्याला."

"या गाडीचा पत्रा प्लसला आहे. जुन्या गाड्यांत असायचा. सगळं उलटं. म्हणून तुझा पंखा उलटा फिरतोय." आणि मग हळूच, "मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालो असतो. पण वायर सांगितली असती की, गाढवा!"

काय सांगू तुम्हाला... गाडी उकळलेली, किल्ली चाललेली, आणि मला बरं वाटत होतं! मी त्यांना तिथंच विचारलं, "बाबा, दिलीच का मग डॉक्टरांना?" ते वाकले, दोन्ही वायरींच्या पिना उपटल्या आणि उलट्या घातल्या. पुन्हा रुमाल धरला. चप्प! बसला जाळीला चिकटून. मग दोघं कठड्यावर बसलो, गाडी निवेपर्यंत. दोन आगगाड्या गेल्या, फाटक उघडलं, पडलं, उघडलं. पाणी पाहिजे होतं रेडिएटरला, ते डॉक्टरांच्या बाटलीतलं घेतलं. त्यांनीच दिलं बिचाऱ्यांनी, पण दात दाखवले नाहीत.

मग तळ्यापर्यंत गेलो, पाणी बघितलं, परत आलो. प्रत्येक सिग्नल लाल मिळाला, मुद्दाम मिळाल्यासारखा, पण काटा हलेल तर शपथ! दारात डॉक्टर विचारतात, "पण सर, फाटकापाशी उकळली होती..." सासरे म्हणाले, "ती चाचणी परीक्षा. ती धरत नाहीत." आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मेहुणा तिथंच उभा, छाती काढून, "मी म्हटलंच होतं, चार बोल्ट आणि दोन वायरी!" उलट्या कोणी सांगितल्या होत्या रे? पण जाऊ दे. जीव भांड्यात पडला माझा. गाडी वाचली, रविवार वाचले, माझं 'अरे' वाचलं...

असं वाटलं मला.

पुढचा रविवार. मी लवकर उठलो, दाढी केली, टोपी घातली, गुणगुणत गॅरेजपाशी आलो, तर गाडी बाहेर काढलेली, इंजिन चालू. शेजारी सासरे. आणि स्टिअरिंगवर? केस घट्ट बांधून, काळा चष्मा लावून... माझी बायको! "मी सांगितलं होतं ना, उकळायची बंद झाली की बसेन म्हणून?" आणि बापलेक असे हसतायत हो एकमेकांकडे, की मी टोपी काढून हातात घेतली. तिनं असा सफाईदार गियर टाकला... आणि जाताजाता सासऱ्यांनी मान वळवली.

"जावईबापू, तेवढं दार लावून घ्या."

लावलं! काय करतो? आत आलो, चहा केला, त्यात पिठीसाखर घातली, सहा भांडी संपवायचीत अजून... आणि बसलो हिशेब लावत, की सगळं तर मी नीट बसवलं, मग चुकलं कुठं? आणि तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. बोल्ट चार, वायरी दोन... आणि सीटा? सीटाही दोनच, हो!