चार ओळींचा तक्ता

१९४४ची दिवाळी उलटून महिना झाला होता. नगरच्या टपाल कचेरीतल्या रांगेत, तिकिटं घ्यायला आलेल्या सकीनाच्या पुढे पाथर्डीकडच्या रतनबाई आणि त्यांच्या गावचे मास्तर उभे होते.

“मास्तर, लढाईवर जाताना माजा कानिफ म्हनला, जिता असलो तर दिवाळीला पत्र धाडीन. आलं न्हाई. मंग काय समजायचं?”

“थांबा, या कागदावर तक्ता मांडतो. पहिली ओळ, जिता आहे, पत्र आलं. दुसरी, जिता आहे, पत्र नाही. तिसरी, जिता नाही, तरी पत्र आलं. चौथी, जिता नाही, पत्रही नाही. त्याचा शब्द मोडतो कुठं?”

“दुसऱ्या वळीत.”

“तेवढ्या एकीतच.”

“आता असं धरा, पत्र न्हाई तर त्यो जिता न्हाई. ह्ये कुठं मोडतं?”

मास्तरांनी पेन्सिल पुन्हा चारही ओळींवरून फिरवली.

“दुसरीतच.”

“म्हंजी दोन्ही बोलनी एकच.”

“एकच. पण रतनबाई, त्यानं शब्द मोडला असेल. मोडतात पोरं.”

“त्यो न्हाई मोडायचा. ल्हानपनी खोटं बोलला की लई मारायची मी त्याला.”

“पुढं या,” खिडकीतून कारकून म्हणाला. रतनबाई हलल्या नाहीत. सकीनाही त्यांना ओलांडून पुढे गेली नाही.