तणमोराची नोंद

माझा जन्म सेनगावाकडच्या माळावरच्या वाडीतला, नवरा गेला तशी भावाच्या घरी परत आले, आणि काय सांगू तुला, हातातला विळा काही सुटला न्हाई. तू माझी भाची, चौथी शिकलेली, मी कोरी. म्हणून मी बोलते, तू लिही. लाजू नको, कुणी वाचून राहिलं न्हाई.

श्रावणात गवत कमरेला लागतं. एका साली चारा कापून राहिले होते, तर गवतातून एक काळं पाखरू सरळ वर उडालं, माणसाच्या उंचीइतकं वर, अन् तिथंच खाली उतरलं. परत उडालं. डोक्यामागं बारीक तुरे. आज्यानं सांगितला होता तसाच तणमोर! घरी मी बोललेच न्हाई. गावचे देशमुख बंदूकवाले, जागा कळली की पाखरू त्यांच्या ताटात.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेचे मास्तर ओट्यावर तुझ्या बापाला सांगत होते, हैद्राबादेत एक गृहस्थ पाखरांची माहिती लिहून ठेवतात, ते म्हणतात तणमोर तुमच्या भागात उरला न्हाई. मी दाराआडून म्हटलं, उरला न्हाई कसा, मी पाह्यला की. मास्तरांनी विचारलं, कोणत्या दिवशी, बाई? दिवस काही सांगता येईना. तुझा बाप हसला, अक्का, बेडूक उडाला असंल. मास्तर हसले न्हाईत. म्हणाले, तुमी पाहून गप बसलात, म्हणून तिकडं पाखरू संपलं असं धरलं. जागा फक्त त्या गृहस्थांना कळवू, गावात बोलायची न्हाई. ते मला लई लागलं.

त्या श्रावणात पुन्हा दिसला. डोक्यावरचा भारा न उतरवता तुला हाक मारली, आधी लिही, मग पाणी दे, न्हाईतर संध्याकाळपर्यंत माझं पाखरू गाईएवढं होईल. नागपंचमीचा दुसरा दिवस, नाल्यावरचं कुरण, दोन उड्या. तू विचारलंस, तुरे किती? मोजले न्हाईत. तू हळूच म्हणालीस, आत्या, चार लिहू का, बरं दिसंल. मी म्हटलं, न्हाई, मोजले न्हाईत असंच लिही.

मास्तरांनी तो कागद हैद्राबादेला धाडला, अन् दिवाळीनंतर त्या गृहस्थांचं कार्ड आलं. नोंद वहीत घेतली, बाईंनी न मोजलेलं मोजलं न्हाई म्हणून सांगितलं, त्यावरून पाह्यलेलं खरं धरलं. तुझ्या बापानं ते दोनदा वाचून दाखवलं, अन् बेडकाचं नाव काढलं न्हाई.

पुढं दरसाल तू लिहिलंस. यंदाचा श्रावण रझाकारांच्या धास्तीत गेला, माळावर जाणंच झालं न्हाई. तसंच लिही. पाखरू न्हाई असं न्हाई, आमी गेलो न्हाई. आता रझाकार गेले, वाट मोकळी झाली. पुढच्या साली दोघी जाऊ, बाई. ते सुखानं उडत असू दे, अन् तुझ्या हाताला बळ राहू दे.