नव्वद सेंटिमीटर

सोल्वेई : झोपलास की काय? तुझ्या बाजूची काठी संपत आली बघ.

इंग्वे : झोपलो नाही. ऐकतोय.

सोल्वेई : काय, टिटव्या?

इंग्वे : यंत्राची कात्री. आज तिचा ठेका सैल आहे. काठीचा तुकडा कापते, मातीत दाबते, आणि मग उगाच रेंगाळते.

(मे महिना, स्वीडनमधला नॅर्केचा सपाट मुलूख. ट्रॅक्टरच्या मागे जळणासाठी वाढवायची विलोची झाडं लावायचं यंत्र. त्यावर मागे तोंड करून शेजारी शेजारी बसलेली दोघं, साठी ओलांडलेली, विलोच्या लांब काठ्या नळीत सोडताहेत. ट्रॅक्टरवर सोल्वेईची मुलगी टूवा. तिचा आवाज वॉकीटॉकीवरून येतो.)

सोल्वेई : म्हातारं झालंय यंत्र.

इंग्वे : यंत्राला नावं ठेवू नकोस. चौतीस वर्षं प्रयोगकेंद्रात मी दुसरं केलं काय? दोन रोपांत अंतर किती, एवढंच मोजलं. साठ सेंटिमीटरचा ठेका मला झोपेतही ओळखू येतो. हा साठचा नाही.

सोल्वेई : मग कितीचा?

इंग्वे : नव्वदचा.

सोल्वेई : कॉफी घे गुपचूप.

इंग्वे : म्हणजे तू बदललंस.

सोल्वेई : सकाळी. टूवा डिझेल भरत होती तेवढ्यात अंतर ठरवणारं दातेरी चाक बदलून टाकलं. तिला सांगू नकोस.

इंग्वे : तिला कळणारच.

सोल्वेई : कळेल तेव्हा कळेल. बघ की समोर, काय छान दिसतंय.

इंग्वे : मागे तोंड करून बसलं की मला कायम असं वाटतं, आपण आहोत तिथेच आहोत आणि शेतच निघून चाललंय. धुकं बघ तळ्यावरचं. अजून उठलं नाही.

सोल्वेई : तू पण अजून उठला नाहीस. मगाशी डोळे मिटले होतेस.

इंग्वे : कालचं स्वप्न आठवत होतो. तळ्याकाठचं आपलं पहिलं शेत. पंधरा हजार रोपं हेक्टरी, ससासुद्धा अंग चोरून जातो तिथे. पण स्वप्नात मला वाट मिळत होती. फांद्यांवर पिवळे तुरे, मधमाश्यांचा नुसता गुणगुणाट. आणि माझ्या मागून कुणीतरी चालत होतं. वळून बघायचा धीर होईना. बघितलं तर निघून जाईल असं वाटलं.

सोल्वेई : कोण होतं?

इंग्वे : वळलोच नाही म्हटलं ना.

सोल्वेई : तू कधी वळतोस? त्या शेतात चौदा मीटर कोरे पडलेत, ते तुझ्यामुळे.

इंग्वे : माझ्यामुळे? काठ्या सोडायच्या तू थांबवल्यास!

सोल्वेई : मग काय करणार? पुढे रोल्फ ट्रॅक्टर चालवतोय, आणि हा मागे बसून खुशाल मला लग्नाचं विचारतोय! हातातली काठी हातातच राहिली माझ्या.

इंग्वे : तेव्हा तुझं त्याच्याशी ठरलंय हे मला कुठे माहीत होतं?

सोल्वेई : ठरलं नव्हतंच. त्यानं दोन आठवड्यांनी विचारलं.

इंग्वे : काय? पस्तीस वर्षांनी सांगतेस हे?

सोल्वेई : तू पस्तीस वर्षांत विचारलंस का कधी?

इंग्वे : तू गप्प राहिलीस. मी समजलो, नाही म्हणतेय.

सोल्वेई : मी विचार करत होते, गाढवा. मला वेळ लागतो. आणि दुसऱ्या दिवशी बघते तर तुझ्या खुर्चीवर दुसराच कुणी.

इंग्वे : मीच केंद्रावर सांगितलं होतं, दुसरं शेत द्या म्हणून.

सोल्वेई : ते आज कळतंय मला. असो. रोल्फ चांगला होता. माझी काही तक्रार नाही.

इंग्वे : माझीही नव्हती, बायको होती तोवर. दर हिवाळ्याला मोजायला येत होतोच की. त्या कोऱ्या जागेच्या दोन्ही कडांची खोडं माहितेय केवढी झाली? माझ्या मनगटाएवढी. आतल्या दाटीतली अंगठ्याएवढी, आणि दहा वर्षांत त्यातली कितीतरी आपली आपण मेली. ते चौदा मीटर मी अहवालात कधी लिहिले नाहीत. मोजले मात्र दर वेळी.

टूवा : आई! ऐकू येतंय का? पाच ओळी झाल्या. काठ्यांची पंधरा बंडलं उघडायला हवी होती, दहाच कशी उघडलीत? गप्पांच्या नादात रोपं गाळताय का दोघं?

सोल्वेई : एकही गाळलं नाही. नव्वदवर लावतोय.

टूवा : काय? कुणाला विचारून?

सोल्वेई : शेत कुणाचं आहे?

टूवा : आई, अगं आपलं ठरलं होतं! दाट लावलं की दुसऱ्या उन्हाळ्यात पानं एकमेकांना भिडतात, खालचं तण उन्हावाचून मरतं. विरळ लावलंस तर नुसते काटे आणि गवत माजेल. मी सोमवार ते शुक्रवार शहरात. कोण काढणार ते? काका, तुम्ही तरी सांगा हिला. तुमचा तर जन्म गेला यात.

इंग्वे : टूवा, खरं सांगू? पहिल्या कापणीला भुसा कमी निघेल, चांगलाच कमी. दुसरीला फरक निम्मा होईल. तिसरीपर्यंत सारखंच. विरळ लावलेलं झाड हातपाय पसरतं, जागा भरून काढतं. शहरातली घरं तापवणाऱ्या बॉयलरला काही कळणार नाही कुठला भुसा कुठल्या शेतातला. एवढंच शिकायला मला चौतीस वर्षं लागली.

टूवा : आणि तण?

इंग्वे : तण माजेल, त्यात तुझं बरोबर आहे. दोन उन्हाळे रोज कुणीतरी ओळींतून फिरायला हवं. निदान दोन माणसं.

टूवा : तेच म्हणतेय मी! कुठली दोन माणसं? ... हॅलो? आहात का तिकडे?

सोल्वेई : तू पुढे बघून चालव. ओळ वाकडी होतेय.

टूवा : वाकडीबिकडी काही होत नाहीये. घरी गेल्यावर बोलू आपण.

इंग्वे : सोल्वेई.

सोल्वेई : काठी सोड. संपतेय.

इंग्वे : सोडली. शनिवारी माझी गाडी आहे.

सोल्वेई : माहितेय. माल्मोची, सकाळी नऊची. मुलानं तुला कायमचं राहायला तळमजल्याची जागा बघितलीय, खिडकीतून समुद्र दिसतो. महिनाभर गावभर तेच सांगत फिरतोयस.

इंग्वे : गावभर सांगत होतो, म्हणजे तुझ्या कानावर जावं म्हणून.

सोल्वेई : गेलं ना. म्हणून तर चाक बदललं.

इंग्वे : तोंडानं सांगायचं होतंस.

सोल्वेई : मागच्या खेपेला तू तोंडानंच सांगितलं होतंस. काय झालं?

इंग्वे : चौदा मीटर.

सोल्वेई : मला आता एकटीला नको वाटतं रे. रोल्फला जाऊन सहा वर्षं झाली. संध्याकाळी दोन कप काढते आणि एक परत कपाटात ठेवते. शेजारी कुणी नसलं की अन्न गिळवत नाही. हे बोलायला मला यंत्राची घरघर लागते, घरात नसतं जमलं. बास. आता तू बोल.

इंग्वे : माझे गुडघे गेलेत. वाकून तण नाही उपटता येणार.

सोल्वेई : तण मी उपटीन. तू मोज.

इंग्वे : पहिली कापणी चार वर्षांनी. तोवर मी एकाहत्तरचा.

सोल्वेई : मग मी कोण, सोळाची?

इंग्वे : मुलगा रागावेल. पडदेसुद्धा लावून ठेवलेत त्यानं.

सोल्वेई : रागावू दे. पुढच्या उन्हाळ्यात नातवंडांना घेऊन ये म्हणावं. त्यांनाही इथे हातात खुरपी देऊ.

इंग्वे : आज रात्री फोन करतो त्याला.

सोल्वेई : रात्री नको. रात्री तुझा विचार बदलतो. हे शेवटचं बंडल संपलं की लगेच कर, इथूनच.

इंग्वे : बरं.

सोल्वेई : नुसतं बरं?

इंग्वे : शनिवारचं तिकीटही फाडतो, बाई. आधी बंडल तर संपू दे.

टूवा : शेवटची फेरी! वळतेय, धरून बसा दोघं!

सोल्वेई : धर. तिकडे नाही, इकडे धर. आणि एक सांगून ठेवते, इंग्वे. बूट बाहेर पायरीवर काढायचे. घरात चिखल आणलेला मला खपत नाही.