नवरदेवाच्या गालावरची आग

सन एकोणीसशे एकसष्ट! वैशाख महिना! गाव कृष्णाकाठचं. नाव सांगत नाही – त्या नवराबायकोची नातवंडं इथंच बसलेली असायची!

मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न. माणसानं आपला डाग झाकावा, की दाखवावा? मनातच उत्तर द्या. शेजारणीला विचारू नका!

नवरदेव भालचंद्र. शाळामास्तर. कातडी इतकी नाजूक, की डास चावला तरी आठवडाभर खूण! हळदीची सकाळ होती. न्हावी यायचाच होता, पण मास्तरांना धीर कुठला? फोटोवाला येणार ना साताऱ्याहून! ट्रंकेतून स्वतःचं दाढीचं सामान काढलं. पातं जुनं, बोथट. कोरड्या गालावर साबण नुसता टेकवला. आणि हात कसा फिरवला? खालून वर! केसांच्या उलटा! एकदा झालं, समाधान नाही – पुन्हा! त्यावर तुरटी घासली, तुरटीवर अत्तर! अहो मास्तर, गाल आहे की पाटी?

घटकाभरात गालावर, गळ्यावर लालभडक पुरळ! नुसती आग! मास्तरांच्या आई राधाक्का धावत आल्या.

"भालू, हे काय रे?"

"दाढीनं झालंय, आई."

"कोण खरं मानेल? मुलीकडचे काय म्हणतील?"

आणि काय केलं त्या माऊलीनं? हळद घेतली नि तोंडावर थापली! डोळे तेवढे उघडे! "वाळेपर्यंत बोलू नकोस!"

आता आपली रीत काय? नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लागते. उष्टी हळद! ती न्यायला नवरीची आत्या आली – द्वारकाआत्या. मोठी कडक बाई! मी तेव्हा परकर-पोलक्यातली. तिचं नुसतं खाकरणं ऐकून आम्ही पोरी पळायचो.

ऊन कडक, मास्तर घामाघूम. हळदीला तडे गेले, एक ढपला खाली पडला – आत लाल मांस!

"अगं बाई! ह्याच्या रक्तातच खोट आहे! ह्या हळदीचं बोटसुद्धा आमच्या वत्सलेला लागणार नाही!" आत्या रिकाम्या हातानं परत!

लग्न गोरज मुहूर्तावर. मांडवात कुजबुज. कुणी म्हणालं, गाड्या जुंपा. आणि आत वत्सला, हातात हिरवा चुडा भरलेला! मांडवातून लग्न मोडलेली मुलगी – बायांनो, त्या काळी तिला पुन्हा कोण विचारणार होतं? आणि मी म्हणते, खरंच आजार असता, तर तो माणूस नव्हता? याचं उत्तर घरी जाऊन द्या.

इकडं राधाक्का रडतायत. "थांब, अजून एक थर देते."

"नको, आई! झाकलं म्हणून तर जास्त जळतंय."

मास्तर उठले. गार पाण्यानं तोंड धुतलं. हळदीचं तबक घेतलं नि एकटेच निघाले नवरीच्या दारी. अहो, नवरदेव असा एकटा जातो कधी? सगळा मांडव माना वळवून बघायला लागला!

"आत्याबाई, नीट बघा. हे आजच झालंय, माझ्या हातानं. घाबरून झाकलं, ते चुकलं."

"सगळे असंच म्हणतात!"

"माझ्याकडं पुरावा नाही, आत्याबाई."

संपलं! तेवढ्यात दाराआडून आवाज आला – वत्सलेचा!

"आत्या, कपाळ बघ. नाक बघ. कान बघ. आहे कुठं पुरळ? रोगाला काय कळतं होय, दाढी कुठं संपते ते?"

मांडव खदखदून हसला! आत्या जवळ गेली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "अगं, खरंच की! मेल्या, गाल सोललास की रे बटाट्यासारखा!"

मग आत्याचाच हुकूम – स्वच्छ पंचा गार पाण्यात भिजवा, गालावर ठेवा, चोळू नका! तुरटी नको, अत्तर नको, तोंडाला हळद नको! पायाला, खांद्याला लावा. आग निवल्यावर खोबरेलाचं एक बोट. आणि तीच उष्टी हळद वत्सलेला लागली. गोरजाला अक्षता पडल्या!

पुढं? मास्तर जन्मभर अंघोळीनंतर दाढी करायचे – केस मऊ झाल्यावर, भरपूर फेस, धारेचं पातं, केसांच्या कलानं हलका हात. सत्तरी ओलांडून गेले. राधाक्का सुनेच्या मांडीवर गेल्या. द्वारकाआत्या पुढच्या प्रत्येक लग्नात आधी नवरदेवाची हनुवटी धरायची – "आज दाढी केलीस? मग गालाला हळद नाही!"

आणि वत्सलाबाई? म्हातारपणी एक दिवस छातीत गाठ लागली हाताला. पदर ओढून घेतला नाही. त्याच दिवशी सुनेला दाखवली. वेळेत उपचार झाले. आहेत त्या आज, चांगल्या आहेत!

बायांनो, बाप्यांनो – तुम्ही काय झाकून बसलाय? कशावर थर देताय रोज? कीर्तनाचा प्रसाद मागाहून घ्या. आधी घरी जा, नि आपल्या माणसाला म्हणा – "हे बघ, मला इथं दुखतंय."