दुसरा बुडबुडा

"हॅलो? क्षमा? अगं कुठे होतीस, कधीची फोन लावतेय!"

तिरुवल्लिकेणीतल्या भाड्याच्या खोलीत विद्युलता खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती. लॅपटॉप पलंगावर उघडाच पडला होता. तिकडे पुण्याच्या परिषदेत क्षमा थोड्याच वेळात बोलायला उभी राहणार होती. काम दोघींचं होतं. एका दूरच्या दीर्घिकेतल्या कृष्णविवरातून सुटणारे झोत भोवतीच्या तप्त वायूत प्रचंड बुडबुडे फुगवतात. बुडबुडा केवढा, त्यावरून झोतांची ऊर्जा किती, ते त्यांनी काढलं होतं.

"हो, हो… असेल छान साडी. अगं ऐक ना! तो बाहेरचा बुडबुडा… दुसरा, मोठा… तो नाहीये."

"नाहीये म्हणजे नाहीये!… चेष्टा कसली? कॅमेऱ्याच्या दोन चिपांमधली फट आहे ती."

"कशावरून काय? दुर्बीण फिरवून घेतलेला फोटो आज सकाळी आला ना… त्यात तो डागही दुर्बिणीबरोबर फिरलाय. आकाशातली वस्तू अशी फिरेल का?… हं… दहापट. दहापट कमी होते ऊर्जा."

खाली पाण्याच्या लॉरीचा हॉर्न वाजला आणि घरमालकीण हेमावतीची तमिळमधून हाक आली.

"वर्रेन अक्का, आले आले!… तुला नाही गं, पाणी आलंय… आं? काय म्हणालीस?"

ती चालायची थांबली. पुण्याच्या संस्थेत जागा एकच होती, अर्ज दोघींचे होते, आणि निवड समितीतली माणसं आज समोरच बसणार होती.

"मी तुझे पाय ओढतेय?… नाही, बोल, पुन्हा बोल ना…"

तिने लॅपटॉप ओढून घेतला. दोन्ही फोटो मेलने पाठवले.

"बरं. माझ्यावर नको ठेवूस विश्वास. मेल उघड. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लाव… हो, मी धरते."

पलीकडे कपबशा वाजत होत्या, कुणीतरी हसत होतं. विद्युलता अंगठ्याचं नख कुरतडत राहिली.

"…दिसलं?… हं… रडू नकोस ना गं. मलाही इतके दिवस बुडबुडाच दिसत होता… आता काय म्हणजे? एकच सांग. जो आहे तो… कळतंय मला, कळतंय… ऐक, मी माझा अर्ज मागे घेते. आत्ता घेते… बरं बाई, नाही घेत! ओरडू नकोस!"

"नाव पुकारलं?… जा. नको, बंद नको करूस, राहू दे चालू."

क्षमाचा आवाज आता लांबून, दबका येत होता. सुरुवातीला थरथरला, मग सावरला. कार्यक्रमपत्रिकेतल्या चित्रात दोन बुडबुडे आहेत, त्यातला मोठा कृपया खोडा, असं ती म्हणाली. विद्युलताने दाराची चौकट घट्ट धरली. एका पुरुषाने काहीशा खवचटपणे विचारलं, मग उरलं काय?

तेवढ्यात फोन तुटला.

"हॅलो?… क्षमा? हॅलो?"

पुन्हा लावला, लागेना. पुन्हा लावला. मग मुका फोन तसाच कानाला धरून, समोर ती समितीच बसली आहे अशा आवाजात तिने रिकाम्या खोलीला सांगितलं,

"एक उरला ना! आणि तोही आपल्या अख्ख्या आकाशगंगेहून मोठा आहे."