खाणीच्या वळणावरचा नमुना

—तिथं नको, ती ताटं ओली आहेत, या स्टुलावर बसा. वास येतोय ना? पहिल्या आठवड्यात मलाही यायचा. बिबट्या काय खातो ते त्याच्या विष्ठेतून शोधायचं म्हटल्यावर अत्तराचा वास कुठून येणार. पिशवीवर तारीख, जागा लिहिलीत? बघू—खाणीच्या पुढचं, विहिरीचं शेत—म्हणजे तुम्ही भाऊजीच की. लग्नाला आला नव्हतात, म्हणून ओळखलं नाही. पण तुमच्या मित्रांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, तोंडी सतत तुम्हीच असता, घरात मला तुमच्या ट्रॅक्टरचा रंगसुद्धा पाठ आहे.

मग, आमचा ठोंब्या कसा आहे? हो, तोच, माझा कुत्रा. माहेरून आणला होता, पण सासूबाईंना शिंका यायला लागल्या—खऱ्याच शिंका हो, नाटक नव्हतं—तेव्हा तुमचे मित्र म्हणाले, माझ्या दोस्ताचं मोठं शेत आहे, मोकळा राहील. लग्नानंतरच्या दुसऱ्याच रविवारी गाडीत मागच्या सीटवर बसवून घेऊन गेले. मी येते म्हटलं तर म्हणाले, तू रडशील. तेव्हापासून दर आठवड्याला बातमी येते. ट्रॅक्टरखाली झोपतो, तुमच्या लेकीच्या हातून अंडं खातो, अंगानं भरलाय. मी शनिवारी हाडं उकळून डबा देते, सोमवारी डबा धुतलेला परत. आज सकाळीही अंडं खाल्लं म्हणता? अख्खं? बरं.

तुमच्या दोन शेळ्या गेल्यात ना, मग बघून ठेवा, आम्ही नेमकं काय करतो ते. नमुना वाळवायचा, भिजवायचा, चाळणीत धुवायचा. मांस जिरतं, केस जिरत नाहीत, नखं नाहीत, हाडाचे तुकडे नाहीत. मग एकेक केस काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली—शेळीचा वेगळा, सशाचा वेगळा. आमचे साहेब म्हणतात, उन्हाचं गवत होतं, गवताची शेळी, शेळीचा बिबट्या, आणि दर पायरीला दहातला एखादा भागच पुढं जातो. बाकीचं धावण्यात, श्वास घेण्यात, अंग गरम ठेवण्यात संपतं. म्हणून जंगलात शेळ्यासशे पुष्कळ आणि बिबटे मोजके. त्याला रोज काहीतरी मिळेलच असं नसतं. उरलंसुरलं मुंग्या नेतात, किडे नेतात, मातीत जातं, परत गवत. तसं बघितलं तर कुणीच वाया जात नाही. ऐकायला बरं वाटतं. मलाही वाटायचं, मंगळवारपर्यंत.

हे बघा. हात लावू नका, नुसतं बघा. पितळी बटण आहे, चार भोकांचं, आणि भोकात हिरवा दोरा—नायलॉनचा, तोही जिरत नाही. माझ्या कॉलेजच्या कोटाचं. ठोंब्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचं बक्कल तुटलं तेव्हा त्याजागी मीच शिवलं होतं, आडवे टाके घालून. माझे टाके तिरके येतात, आई नेहमी हसायची. पाकिटावर साहेबांचं अक्षर आहे, वाचा. 'खाणीचं वळण. ताजा नमुना. शनिवार.' खाली तारीख आहे—ठोंब्याला नेलं त्याच रविवारनंतरचा शनिवार. इतके दिवस हे पाकीट त्या कपाटात पडून होतं, मी रोज त्याच्यासमोर डबा खायची. नमुने फार, हात दोनच.

खाणीचं वळण तुमच्या फाटकाच्या अकरा किलोमीटर अलीकडे आहे, भाऊजी.

नाही, तुम्ही बोलू नका, आता काहीतरी जुळवून सांगाल. फोन आला असेल—ती विचारेल, बरा आहे म्हण. दोस्तीखातर एक अंडं, काय जातंय. पण हिशेब करा. बिबट्याच्या पोटातून बाहेर यायला दोनएक दिवस. रविवार ते शनिवार, त्यातून दोन वजा. म्हणजे चार दिवस तो त्या वळणावर होता. पळून का गेला नाही? त्याचं नाव ठोंब्या का ठेवलं माहितेय—'बस' म्हटलं की बसायचा, 'ये' म्हणेपर्यंत हलायचा नाही. भाजीवाल्याकडे मी दोनदा त्याला विसरून घरी आलेय. दोन्ही वेळा तिथंच, शेपूट हलवत. गाडीतून उतरवून तुमचे मित्र काय म्हणाले असतील, ते मला ऐकू येतं.

बिबट्यावर माझा राग नाही. त्याला भूक लागली, त्यानं खाल्लं. दर सोमवारी धुतलेला डबा काही त्यानं आणून दिला नाही.

ती बॅग? ती नमुन्यांची नाही, माझी आहे. चार कपडे आहेत. आज चहाच्या वेळी विचारणार आहे, ठोंब्यानं आज काय खाल्लं. खरं बोलले तर बॅग पुन्हा कपाटावर जाईल. भांडेन, रडेन, पण जाईल. अंडं म्हणाले तर माहेरची शेवटची बस साडेसातला आहे. आणि तुम्ही वाटेत फोन करून त्यांना सावध करू शकता, मला कळतंय. करा किंवा नका करू. एका माणसाबद्दल कळलंय, दुसऱ्याबद्दलही कळेल.

इथं सही करा. शेळ्यांचं पंधरा दिवसांनी सांगते. या आता—आणि दार ओढून घ्या, वास बाहेर जातो.