तात्पुरते तीन दात

...आन् वर दाताच्या डॉक्टरीनबाईनं काय म्हनावं? "काका, तात्पुरते आहेत!"

तुमाला सांगतो, म्हशीनं मुंडी हाणली आन् माझे पुढचे तीन दात गोठ्यातच ऱ्हायले. अंबाजोगाईला गेलतो, बाईनं हाडात स्क्रू बसवले, म्हन्ली इंप्लांट हाय, मुरायला चार महिने, तवर ही गुलाबी पट्टी आन् तिच्यावर तीन दात. "यांनी काही चावायचं नाही हं." मग दिले कावून ओ बाई? "दिसायला!" घ्या!

आन् दिसायचीच तर वेळ आल्ती! आमच्या करिष्माची सुपारी. आधीच दोन सोयरिकी मोडलेल्या, आता आष्टीचे आप्पाराव व्याही म्हनून येनार, आन् आमची साखराबाई सकाळपासून वरडती, "अवो, त्यांच्याम्होरं तोंडातलं भाईर पडलं तर ही बी गेलीच समजा! हसू नका, खाऊ नका, नुसते बसा!" सोताच्या पोरीच्या सुपारीत म्या मुक्या बैलावानी!

सुपारी फुटली, टिळे झाले, आन् कुनीतरी वरडलं, "व्याह्या-व्याह्याचं तोंड गोड करा!" आपल्याकडं म्हाईतच हाय तुमाला, अर्धा पेढा एकाच्या तोंडात, उरलेला दुसऱ्याच्या, त्याबिगर फोटूवाला सोडतोय व्हय? म्या ओठ मिटून मान हलवतोय, तर आप्पाराव म्हन्तेत, "लाजता कावून व्याही, आ करा!" आन् खुपसला की पेढा! हात मागं गेला... आन् पट्टी त्या अर्ध्या पेढ्यात! तात्पुरते हायत म्हनं!

वरडावं तर बोळकं दिसतंय, गप बसावं तर माझे दात चाललेत आप्पारावांच्या तोंडात... काय करावं मानसानं? सांगा की! मला तर रडूच आलं. फोटूवाला म्हन्तो, "काका, आसंच ऱ्हावा, लई भारी!"

कट्ट!

आप्पाराव चावता चावता थांबले. रुमालाआड तोंडातलं काढून बघितलं, आन् चेहरा पांढराफटक! कारन त्यांच्या तोंडात बी कवळी, त्यांना वाटलं आपलीच मोडली! गुपचूप रुमालात गुंडाळून खिशात घातली आन् ओठ मिटले. आता दोघंबी व्याही मुके, आन् पाव्हने म्हन्तेत, "बघा, कसं भरून आलंय दोघांला!"

जमली सोयरीक. पर घरी जाऊन त्यांनी सोताची कवळी बघितली आन् ती शाबूत निघाली आसंल, तर? फोन वाजला की म्या साखराबाईच्या हातात देतो. आन् साखराबाई म्हन्ती, "जाऊ द्या, तात्पुरतेच व्हते!"

लगीन चार महिन्यांनी हाय. पोरगी अजून माझ्याच घरात... आन् दात गेले की सासरी.